‘छ्वीमीगा म्वॉयेयो?’: कोरियनमध्ये छंदांबद्दल बोलायला शिकताना

कोरियन शिकायला लागून महिना-दोन महिने झाले की हा प्रश्न समोर येतोच. वर्गात येतो, ऑनलाइन गप्पांत येतो, रांजणगाव-तळेगाव पट्ट्यातल्या कोरियन कारखान्यात नव्याने लागलेल्यांना चहाच्या सुट्टीत येतो. छ्वीमी म्हणजे छंद. छ्वीमीगा म्वॉयेयो? तुमचा छंद काय?

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मनात मराठी वाक्य जुळवलं, ‘मला संगीत आवडतं’, आणि शब्दाला शब्द लावून मोकळा झालो: ‘जॉएगे उमागी जोआयो.’ जॉएगे म्हणजे मला, उमाक म्हणजे संगीत, जोआयो म्हणजे चांगलं आहे, आवडतं. शिक्षिका क्षणभर थांबल्या आणि मग खळखळून हसल्या. माझ्या वाक्याचा सूर होता, ‘संगीत माझ्या तब्येतीला मानवतं.’ जणू संगीत नव्हे, च्यवनप्राश.

मराठी माणसाला कोरियनची वाक्यरचना बरीचशी आयती मिळते. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाला चिकटलेले, आदर क्रियापदात. म्हणून आपण बिनधास्त सुटतो, आणि नेमके जिथे दोन्ही भाषा सारख्या वाटतात तिथेच घसरतो. छंदांच्या गप्पांत अशा निसरड्या जागा बऱ्याच आहेत. त्या दाखवत दाखवतच पुढे जाऊ.

आधी जिभेची तयारी

इथे कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत, पण ही फक्त चालायला शिकेपर्यंतची पांगुळगाडी. हांगुल लिपी राजा सेजोंगने 1446 मध्ये जाहीर केली. आज तिची मूळ अक्षरं 24 आहेत, 14 व्यंजनं आणि 10 स्वर. मन लावलं तर आठवडाभरात वाचता येतात. ती शिकलात की या लेखातलं प्रत्येक वाक्य हांगुलमध्ये वहीत उतरवून घ्या.

तोवर एवढं सांभाळा:

- ऑ म्हणजे ‘ऑफिस’मधला ऑ.
- ह्रस्व उ (नुन, उमाक) म्हणजे ओठ गोल न करता, हसल्यासारखे फाकवून काढलेला उ. दीर्घ ऊ (जूमाल, छिन्गू) आपला नेहमीचा, ओठ गोल करून.
- च आणि ज नेहमी ‘चिमणी’ आणि ‘जीव’मधले. ‘चमचा’ आणि ‘जहाज’मधले नाहीत. जाजू (वारंवार) हा शब्द आपण हमखास ‘जाड’मधल्या ज ने म्हणतो. तो ‘ज्याज्यू’च्या जवळ ठेवा.
- ख, छ, थ, फ यांत हवा जोरात सोडायची. फ म्हणजे ‘फळ’मधला, दोन्ही ओठ जुळवून. हे आपल्याला लहानपणापासून येतं, त्यामुळे इथे आपली बाजू भक्कम.
- शब्दाच्या सुरुवातीचे ग, द, ब, ज कानाला क, त, प, च यांच्याजवळचे वाटतात. दचकू नका, अक्षर तेच असतं.
- ङ लिहिलं असेल तिथे फक्त नाकातला आवाज, मागे ‘ग’ जोडायचा नाही.

पायरी 1: एक शब्द, एक वाक्य

सगळ्यात सोपं वाक्य म्हणजे ‘माझा छंद अमुक आहे’:

जे छ्वीमीनुन योरीयेयो. (माझा छंद स्वयंपाक आहे.)
जे छ्वीमीनुन दुङ्सानिएयो. (माझा छंद डोंगर चढणं आहे.)

जे म्हणजे माझा. छ्वीमीला लागलेला ‘नुन’ म्हणजे ‘छंद म्हणाल तर…’ असा विषय मांडणारा प्रत्यय. शब्द स्वराने संपत असेल तर शेवटी येयो, व्यंजनाने संपत असेल तर इएयो.

सुरुवातीला चार-पाच शब्द पुरतात: ऊन्दोङ (व्यायाम), योरी (स्वयंपाक), दुङ्सान (डोंगर चढणं), सान्छेक (पायी फेरफटका), यॉहेङ (प्रवास), दोक्सॉ (वाचन), गेइम (गेम). दोक्सॉ जरा सांभाळून वापरा. आपल्याकडे बायोडेटात ‘छंद: वाचन’ लिहितात तसाच त्याचा वास येतो. समोरचा लगेच विचारेल, ‘योजुम मूसुन छेक इल्गॉयो?’ म्हणजे ‘सध्या कोणतं पुस्तक वाचताय?’ उत्तर तयार असेल तरच दोक्सॉ म्हणा.

पायरी 2: ‘मला आवडतं’चा सापळा

आता माझ्या च्यवनप्राशकडे येऊ. मराठीत आवडणाऱ्या माणसाला ‘ला’ लागतो: मला संगीत आवडतं. कोरियनमध्ये आवडणारा माणूस कर्ता असतो आणि आवडती गोष्ट कर्म:

जॉनुन उमागुल जोआहेयो.

जॉनुन म्हणजे ‘मी (तर)’. उमाकला कर्माचा प्रत्यय ‘उल’ लागला आणि क चा ग झाला, म्हणून उमागुल. शब्द स्वराने संपला की ‘उल’च्या जागी ‘रुल’ येतो: यॉङ्ह्वारुल जोआहेयो (मला चित्रपट आवडतात). शब्दशः ‘मी संगीताला पसंत करतो’ असं काहीतरी होतं. मराठीत हे कृत्रिम वाटेल, कोरियनमध्ये हेच रोजचं.

गंमत म्हणजे आपल्या मराठी रचनेच्या जवळ जाणारं वाक्यही तिथे आहे: जॉनुन उमागी जोआयो. इथे संगीत कर्ता आहे, अगदी ‘संगीत आवडतं’सारखं. फरक एवढाच की ‘मला’ला ‘ला’ लावायचा नाही, जॉनुनच ठेवायचं. मी जॉएगे म्हणालो आणि तिथेच फसलो.

मग जोआयो आणि जोआहेयो यात निवडायचं कसं? जोआयो ही बोलणाऱ्याच्या मनातली भावना. ती दुसऱ्याबद्दल सांगता येत नाही, कारण दुसऱ्याच्या मनात आपण शिरलेलो नसतो. ‘माझ्या धाकट्या भावंडाला संगीत आवडतं’ सांगायचं तर जोआहेयोच हवं: दोङ्सेङुन उमागुल जोआहेयो. नवख्याने सरळ जोआहेयो पाठ करावं. ते सगळीकडे चालतं.

आवडत नसेल तर ‘शिरॉहेयो’ असा शब्द आहे, पण तो ‘मला त्याचा तिटकारा आहे’ इतका कडक लागतो. समोरच्याने प्रेमाने गोल्फबद्दल विचारलं आणि तुम्हाला रस नसेल तर म्हणा, बॉल्लो नव्हे, ब्यॉल्लो आन जोआहेयो. म्हणजे ‘फारसं आवडत नाही हो’. त्यातला तो ‘य’ सुटू देऊ नका, माझा बरेच दिवस सुटत होता.

पायरी 3: वाचणं, बघणं, काढणं

शब्दकोशात मराठी क्रियापद ‘णे’वर संपतं, कोरियन क्रियापद ‘दा’वर. बघणे म्हणजे बोदा. आपण ‘णे’चं ‘णं’ करून क्रियेचं नाम करतो: बघणं, वाचणं. तिथे ‘दा’ काढून ‘नुन गॉत’ लावतात, आणि बोलताना त्याचं नुसतं ‘नुन गॉ’ होतं.

यॉङ्ह्वा बोनुन गॉ (चित्रपट बघणं)
गुरिम गुरिनुन गॉ (चित्र काढणं)
उमाक दुन्नुन गॉ (संगीत ऐकणं)
छेक इङ्नुन गॉ (पुस्तक वाचणं)
साजिन च्चिङ्नुन गॉ (फोटो काढणं)

आता हे पायरी 2 ला जोडा: साजिन च्चिङ्नुन गॉ जोआहेयो. ‘मला फोटो काढायला आवडतं.’ बोलताना इथे ‘जॉनुन’ बहुतेक गळतो. आपणही ‘फोटो काढायला आवडतं’ एवढंच म्हणतो की.

शेवटच्या तीन ओळी पुन्हा मोठ्याने म्हणा. ऐकणे म्हणजे दुत्ता, पण ‘नुन’ जवळ आला की त चा न होतो: दुन्नुन. फोटो काढणे म्हणजे च्चिक्ता, पण क चा ङ होतो: च्चिङ्नुन. वाचणे म्हणजे इक्ता, त्याचं होतं इङ्नुन. पुढे अनुनासिक आलं की आधीचं व्यंजन नाकात जातं. संस्कृत संधीत वाक् + मय याचं वाङ्मय होतं, तोच हा प्रकार. शाळेत संधी पाठ करताना वैतागलेल्यांना इथे त्याचं व्याज मिळतं.

या क्रियानामाचा आटोपशीर अवतार ‘गी’ लावून होतो: साजिन च्चिक्की, छेक इल्क्की. ‘फोटोग्राफी’, ‘पुस्तक-वाचन’ असा तो थाट. फॉर्म भरताना किंवा यादी करताना हा, गप्पांमध्ये ‘नुन गॉ’.

पायरी 4: खेळणं आणि वाजवणं (इथे वेळ द्या)

मराठीत क्रिकेट खेळतो, बुद्धिबळ खेळतो, बॅडमिंटन खेळतो. सगळ्याला एक क्रियापद. म्हणून शब्दकोशात ‘खेळणे’ शोधलं की ‘नोल्दा’ सापडतं आणि आपण ते सगळीकडे लावतो. पण नोल्दा म्हणजे हुंदडणं, मित्रांबरोबर वेळ घालवणं. छिन्गूहागो नोरायो म्हणजे ‘मित्रांबरोबर मजा करतो’. त्याने फुटबॉल खेळला जात नाही.

कोरियनमध्ये हात-पाय नेमकं काय करतात त्यावर क्रियापद ठरतं.

चेंडूचे सांघिक खेळ ‘हादा’ म्हणजे ‘करणे’ने होतात: छूक्कूहेयो (फुटबॉल खेळतो), नोङ्गूहेयो (बास्केटबॉल), यागूहेयो (बेसबॉल).

रॅकेट किंवा काठीने फटका मारायचा असेल तर ‘छिदा’, म्हणजे मारणे, आपटणे: बेदुमिन्थॉन छॉयो, थेनिसु छॉयो, थाक्कू छॉयो (टेबल टेनिस), गोल्फु छॉयो. हेच छिदा बोटांनी किंवा हाताने वाजवायच्या वाद्यांनाही लागतं: फिआनो छॉयो, गिथा छॉयो. म्हणजे पियानो आणि बॅडमिंटन एकाच क्रियापदात. पहिल्यांदा ऐकून मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

ज्यावर बसून किंवा उभं राहून जायचं ते ‘थादा’: जाजॉन्गॉ थायो (सायकल चालवतो), सुखी थायो (स्की करतो).

फुंकायचं ते ‘बूल्दा’: फिरी बूरॉयो. फिरी हे कोरियाचं पारंपरिक फुंकवाद्य. बासरी वाजवणाऱ्यांनीही हेच क्रियापद धरावं. गज ओढून वाजवायचं ते ‘ख्यॉदा’: बाइओल्लिन ख्यॉयो.

पटावर सोंगट्या मांडायच्या ते ‘दूदा’, म्हणजे ठेवणे: छेसु द्वॉयो (बुद्धिबळ खेळतो), बादूक द्वॉयो. बादूक म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांचा तो पूर्व आशियाई पटाचा खेळ. सोलमध्ये मार्च 2016 मध्ये ली सेडॉल हा बादूकपटू आणि अल्फागो हा संगणक-प्रोग्राम यांच्यात पाच डाव झाले आणि अल्फागोने 4-1 असे जिंकले. बादूक तोच. तुम्ही बुद्धिबळ खेळत असाल आणि समोरचा बादूक, तर गप्पा लांबतातच.

तबला, सतार, पेटी यांचं काय? अडलात तर ‘यॉन्जूहेयो’ म्हणा. कोणत्याही वाद्याला चालणारं, जरा औपचारिक ‘वादन करतो’. चुकायची भीती नाही.

पायरी 5: किती वेळा, कधीपासून, कोणाबरोबर

नुसता छंद सांगून गप्पा पुढे सरकत नाहीत. त्याला वेळेची जोड द्या.

मेइल (रोज), जाजू (वारंवार), गाक्कुम (अधूनमधून), जूमाल्मादा (दर शनिवार-रविवारी). ‘आठवड्यातून दोनदा’ म्हणजे इल्चूइरे दू बॉन. ‘महिन्यातून एकदा’ म्हणजे हान दारे हान बॉन. ‘बॉन’ म्हणजे वेळा, आणि त्याच्याआधी कोरियनचे स्वतःचे अंक लागतात: हान, दू, से, ने. चिनी मुळाचे इल, ई, साम इथे लावायचे नाहीत.

आमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी सगळ्यात प्रामाणिक शब्द ‘योजुम’, म्हणजे सध्या. योजुम हान्गूगॉरुल बेऊगो इस्सॉयो. ‘सध्या कोरियन शिकतोय.’ आणि खूप दिवसांत काही केलं नसेल तर योजुम गॉइ आन हेयो, ‘सध्या जवळजवळ होतच नाही’. व्यायामाबद्दल हे वाक्य कामी येतं.

येतं की नाही हे विचारायला कोरियनमध्ये वेगळी रचना आहे, आणि ती आपल्या ‘वाजवता येतं का?’ला अगदी समांतर जाते: गिथा छिल चूल आरायो? येत असेल तरी लगेच ‘जाल्हेयो’ (छान जमतं) म्हणू नका. स्वतःबद्दल ते जरा फुशारकीचं वाटतं. जाल मोथेयो, गुन्याङ जोआहेयो, म्हणजे ‘फारसं जमत नाही, असंच आवडतं’, असं म्हणायची तिथे रीत. आपल्याकडे ‘थोडंफार गाते’ म्हणणारी बाई नंतर तासभर बैठक रंगवते, तशातलंच हे.

पायरी 6: आता तुम्ही विचारा

इथे दुसरी निसरडी जागा. मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की आदर झाला. कोरियन शब्दकोशात ‘तुम्ही’साठी ‘दाङ्शिन’ सापडेल. तो वापरू नका. नवरा-बायकोत, भांडणात किंवा जाहिरातीत तो शोभतो, नव्या ओळखीच्या माणसाला खटकतो. नाव घ्या आणि पुढे ‘श्शी’ लावा, किंवा सर्वनाम गाळूनच टाका. ‘आणि तुमचं?’ असं विचारायचं तर नाव, मग ‘श्शीनुन्यो?’ एवढं पुरे.

प्रश्नांचे तीन दर्जे लक्षात ठेवा. मित्राला किंवा लहानाला: छ्वीमीगा म्वॉया? बरोबरीच्या अनोळखी माणसाला: छ्वीमीगा म्वॉयेयो? वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याला: छ्वीमीगा ऑत्तॉखे द्वेसेयो? कारखान्यातल्या कोरियन साहेबांना पहिला दर्जा लावलात तर ‘काय रे, छंद काय तुझा?’ असं होईल. आदराचा ‘से’ मात्र स्वतःला कधीच लावायचा नाही. ‘म्वॉ जोआहासेयो?’ (तुम्हाला काय आवडतं?) असं विचारलं म्हणून उत्तरात ‘जोआहासेयो’ म्हणणं म्हणजे ‘मी जेवलेत’ म्हणण्यापैकी. उत्तर जोआहेयो.

खरं सांगायचं तर ‘तुमचा छंद काय?’ हा प्रश्न कोरियनमध्येही मुलाखतीसारखाच वाटतो. गप्पांत त्यापेक्षा हे बरं: जूमारे बोथोङ म्वॉ हेयो? ‘सुट्टीच्या दिवशी एरवी काय करता?’ त्यातून छंद आपसूक बाहेर येतो.

पायरी 7: एक संवाद, सावकाश

समजा ऑफिसात एक कोरियन सहकारी आहे आणि तुम्ही सह्याद्रीत भटकणारे आहात.

ती: जूमारे बोथोङ म्वॉ हेयो?
तुम्ही: दुङ्सान जाजू हेयो. (डोंगर चढायला बऱ्याचदा जातो.)
ती: जिन्च्चायो? जॉदो दुङ्सान जोआहेयो! (खरंच? मलाही आवडतं!)
तुम्ही: ऑदिए जाजू गायो? (नेहमी कुठे जाता?)
ती: बूखान्साने जाजू गायो. होन्जा गायो? (बूखान्सानला. तुम्ही एकटे जाता का?)
तुम्ही: आनियो, छिन्गूदुल्हागो गायो. हान दारे दू बॉन्च्चुम गायो. (नाही, मित्रांबरोबर. महिन्यातून दोनेकदा.)
ती: दाउमे गाछी गायो! (पुढच्या वेळी बरोबर जाऊ!)

‘जॉदो’मधला ‘दो’ पाहिलात? तो आपला ‘ही’: मीही, मलाही. नुसतं ‘जॉदोयो!’ म्हटलं तरी ‘मलासुद्धा!’ होतं. अख्ख्या लेखातला सगळ्यात उपयोगी शब्द कोणता विचाराल तर हाच.

डोंगराचं उदाहरण मुद्दाम घेतलं. कोरियाचा बराचसा भाग डोंगराळ आहे आणि बूखान्सान तर सोलला लागूनच. त्याचं सर्वोच्च टोक बेगून्दे सुमारे 836 मीटर, आपल्या कळसूबाईच्या (1646 मीटर) जवळजवळ निम्मं. पण रविवारी तिथे आजी-आजोबासुद्धा पूर्ण साज चढवून निघतात. मराठी ट्रेकर आणि कोरियन सहकारी यांना याहून सोपा पूल मिळणं कठीण. तेवढं एक लक्षात असू द्या, ‘दाउमे गाछी गायो’ हे पुष्कळदा आपल्या ‘या एकदा घरी’सारखं असतं. तारीख ठरली तरच बूट घासा.

के-पॉपमधून या भाषेत आलेल्यांना दोन शब्द वेगळे द्यायला हवेत. देक्जिल नव्हे, दॉक्जिल: आवडत्या कलाकारामागे वेळ-पैसा घालवण्याचा अख्खा उद्योग. आणि छ्वेए: सगळ्यात लाडका. समवयस्कांत हे मजेत चालतात, वरिष्ठांसमोर नकोत.

पायरी 8: न समजल्यास, आणि क्रिकेट

समोरचा भरभर बोलू लागला तर छॉन्छॉनी माल्हे जूसेयो (सावकाश बोला), आणि एखादा शब्द अडला तर गुगे म्वॉयेयो? (ते काय असतं?). हा दुसरा प्रश्न तुम्हालाही येणार, कारण तुम्ही कधी ना कधी ‘खुरिखेत’ म्हणणारच. कोरियात बेसबॉल घरोघरी पोहोचलाय, क्रिकेट नाही. ‘खुरिखेत’च्या शेवटच्या त मागे एक स लपलेला असतो, म्हणून ‘क्रिकेट खेळतो’ म्हणताना तो बाहेर येतो: खुरिखेसुल हेयो.

मग समजवा: यागूहागो बिसुथेयो. (बेसबॉलसारखं असतं.) गुरॉन्दे दॉ ओरे हेयो. (पण जास्त वेळ चालतं.)

‘किती वेळ?’ असं विचारलं जाईल. कसोटीबद्दल खरं ते सांगा: ओ इल दोङान हेयो. पाच दिवस चालतं.

त्यावर जे येतं ते पाठ करायची गरज नाही, चेहऱ्यावरच कळतं. तरी सांगून ठेवतो: जिन्च्चायो? वेयो? (खरंच? का?)